चार कोऱ्या ओळी

माझ्या तक्त्यात चौदा ओळी असतात. पहिल्या दहा छापील आहेत: अंघोळ, कपडे घालणे, जेवण, संडास, बिछान्यातून उठणे, जिना, औषधे, फोन, चहा करणे, घराबाहेर जाऊन परत येणे. प्रत्येक ओळीला दहा गुण. माणूस ते काम स्वतः करत असेल तर दहा, कुणी हाताशी वस्तू आणून द्यावी लागत असेल किंवा आठवण करावी लागत असेल तर पाच, आणि दुसऱ्यानेच करावं लागत असेल तर शून्य. शेवटच्या चार ओळी कोऱ्या. त्यांना गुण नसतात. आजारातून उठलेल्या माणसाला आणखी काय काय करता यावंसं वाटतं, ते त्याने तिथे लिहायचं. कुणी 'केस विंचरणे' लिहितं, कुणी 'पत्ते पिसणे'. एका गृहस्थांनी 'शिट्टी वाजवणे' लिहिलं होतं आणि त्यावर आम्ही दोघांनी सहा आठवडे घालवले होते.

या घरी दुसऱ्या भेटीला गेले तेव्हा चारही ओळी भरून तयार होत्या. अक्षर सुरेख, शाई निळी.

साहेबांच्या गोळ्या वेळेवर देणे.
साहेबांचा टॉवेल व कपडे बाथरूममध्ये ठेवणे.
बाळाचा डबा.
बाळाचे शर्ट (पाच) इस्त्री करणे.

"हे काकूंनी लिहिलं?" मी विचारलं.

"तिला कुठे लिहिता येतंय? उजवा हात गेलाय ना," साहेब म्हणाले. "मी लिहिलं. तिच्या मनातलं मला कळतं."

साहेब म्हणजे काकूंचे यजमान. कुठल्याशा कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त होऊन त्यांना अकरा वर्षं झाली होती, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. शेजारीपाजारी, दूधवाला, सगळे त्यांना साहेबच म्हणत. त्यामुळे ते स्वतःही स्वतःचा उल्लेख तसाच करत. बाळ म्हणजे मुलगा. वय छत्तीस, उंची पावणेसहा फूट, एका विमा कंपनीत जोखीम मोजण्याचं काम. त्याची बायको दोन वर्षांपूर्वी घर सोडून गेली होती. का गेली, हे मला कुणी सांगितलं नाही, आणि तिसऱ्या भेटीनंतर विचारावंसंही वाटलं नाही.

काकू खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. वय सहासष्ट, तीस वर्षं टपाल कचेरीत काउंटरवर काढलेली. तीन महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात आणि पाय लुळे पडले होते, त्यातला पाय बराचसा परत आला होता. बोलणं शाबूत होतं, फक्त शब्द उशिरा येत. आणि शब्द येईपर्यंत साहेब थांबत नसत.

"मला," काकू म्हणाल्या, "अंघोळ..."

"अंघोळीला गरम पाणी हवंय तिला," साहेब म्हणाले. "लावलाय गं गीझर."

काकूंनी डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. गीझर त्यांना नको होता, एवढं मलाही कळलं.

व्यवसायोपचार हा माझा पेशा. मी लोकांना नोकरी लावून देते असं निम्म्या जगाला वाटतं, उरलेल्या निम्म्याला वाटतं मी हातपाय चोळून देते. माणसाला सकाळी उठल्यापासून जी कामं करावी लागतात, ती आजारपणानंतर पुन्हा स्वतःची स्वतः कशी करायची, ते मी शिकवते. या कामात शिकवण्यापेक्षा गप्प बसणं जास्त असतं. समोरचा माणूस एका हाताने बटण लावायला चार मिनिटं धडपडतोय आणि आपल्याला ते चार सेकंदांत लावता येतंय, अशा वेळी हात मांडीखाली दाबून बसावं लागतं. नातेवाइकांना हे क्रूरपणाचं वाटतं.

त्या दिवशी मी साहेबांना बाहेर पाठवलं आणि काकूंना बोलायला लागेल तेवढा वेळ दिला. एका वाक्याला पूर्ण दीड मिनिट लागलं.

"मला अंघोळ एकटीने करायची आहे. आतून कडी लावून."

बाथरूमच्या दाराची कडी साहेबांनी काढून टाकली होती. सुरक्षिततेसाठी. मदतनीस बाई काकूंना आत नेई, आणि साहेब दारात उभे राहून दर मिनिटाला विचारत, "झालं का?" कारण त्यानंतर त्यांचा नंबर असे.

मदतनीस काकूंसाठी ठेवलेली होती. सकाळी नऊ ते एक. मला मोजायची खोड आहे, म्हणून एका भेटीत मी घड्याळ लावून मोजलं. चार तासांपैकी पस्तीस मिनिटं तिने काकूंचं केलं. उरलेल्या वेळात तिने साहेबांचा टॉवेल ठेवला, साहेबांना दोनदा चहा दिला, साहेबांचा चष्मा शोधला, बाळाचे शर्ट इस्त्री केले, आणि साहेबांनी हाक मारली म्हणून त्यांच्या समोरच्याच टेबलावरचं वर्तमानपत्र उचलून त्यांच्या हातात दिलं.

चौथ्या भेटीनंतर बाळ मला जिन्यापर्यंत सोडायला आला. आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, एक सांगायचं होतं. ही बाई पुढच्या महिनाअखेरीला सोडून चाललीय. दुसरी मिळत नाही. आम्ही एका काळजी केंद्रात आईसाठी खोली ठरवून ठेवलीय. त्यानंतरच्या पहिल्या तारखेपासून. छान आहे, बाग वगैरे आहे."

"काकूंना विचारलंत?"

"तुमच्या शेवटच्या अहवालावर ठेवलंय आम्ही. ती स्वतंत्र झाली तर प्रश्नच नाही, घरीच राहील. नाही झाली तर तिच्याच भल्यासाठी..."

"स्वतंत्र म्हणजे?"

"म्हणजे नॉर्मल. आधीसारखी." तो थोडा घुटमळला. "तक्त्यात लिहिलंय ना बाबांनी."

दार उघडं होतं. आतून काकूंचा आवाज आला, सावकाश, पण स्पष्ट. "हात गेलाय माझा. कान आहेत."

बाळ लाजला, असं म्हणायला हवं. तो फोन काढून बघायला लागला.

त्यानंतर आम्ही कामाला लागलो. दोघींना ठाऊक होतं की साडेपाच आठवडे आहेत. बाथरूममध्ये भिंतीला दोन आडवे बार बसवून घेतले, एक कमोडजवळ, एक नळाजवळ. खाली न घसरणारी चटई, बसायला रबरी पायांचं स्टूल, लांब दांड्याचा स्पंज, दोरीला बांधलेला साबण. कपडे घालताना लुळा हात आधी, काढताना चांगला हात आधी. हे सूत्र काकूंनी एकदाच ऐकलं. मी पुन्हा सांगायला गेले तर म्हणाल्या, "नोंदणीकृत टपालाचे नियम यापेक्षा अवघड होते." स्वयंपाकघरात मी एक लाकडी पाट आणला, त्यात दोन स्टीलचे खिळे ठोकलेले. बटाटा खिळ्यात रोवायचा आणि डाव्या हाताने सोलायचा. पहिला बटाटा सोलून झाला तेव्हा तो लिंबाएवढा उरला होता. काकूंनी तो सगळ्या बाजूंनी पाहिला आणि म्हणाल्या, "एका माणसाला पुरेल."

डाव्या हाताने लिहायचा सरावही सुरू केला. सुरुवातीची अक्षरं कलंडलेली होती, पण जागेवर होती. गोळ्यांसाठी सात कप्प्यांची डबी आणली. पहिल्या आठवड्यात एक चूक, दुसऱ्यात एकही नाही.

आठवड्याचा तक्ता घरच्यांनी भरायचा असतो. तो फ्रिजवर चिकटवलेला असे आणि साहेब तो रोज सकाळी, फाईलवर शेरा मारावा तसा, उभ्याने भरत. सहाव्या आठवड्यात मी तो वाचला. अंघोळीला शून्य.

"काकूंनी एकटीने केली की अंघोळ. मी बाहेरच होते."

"पंचेचाळीस मिनिटं लागली."

"वेळेला गुण नाहीत, साहेब."

"कामाला वेळेची शिस्त नको? आमच्या कचेरीत असं चाललं नसतं." त्यांनी बोट खालच्या ओळींवर आणलं. "आणि हे बघा. गोळ्या, शून्य. टॉवेल, शून्य. डबा, शून्य. इस्त्री तर विचारूच नका, पोळून घेईल. एवढ्या भेटी झाल्या, मुख्य कामात प्रगती नाही. तुम्ही बटाटे सोलत बसलाय."

"त्या ओळी काकूंच्या स्वतःसाठी आहेत."

"मग? नवऱ्याच्या गोळ्या हे काय परक्याचं काम आहे?"

मी पेन्सिलीने शून्याशेजारी प्रश्नचिन्ह काढलं. पुढच्या आठवड्यात ते खोडलेलं होतं.

दरम्यान साहेब दर रविवारी काळजी केंद्र पाहून येत. पहिल्यांदा अर्धा तास गेले, तिसऱ्यांदा जेवूनच आले. "चार वाजता बरोबर चहा," ते मला सांगत होते. "हाक मारावी लागत नाही. चादरी रोज बदलतात. गोळ्या ट्रेमध्ये येतात, वर नाव लिहिलेलं. हिला स्वर्ग वाटेल."

"अहो," काकू म्हणाल्या.

"काय गं?"

"कुणाला?"

साहेबांना प्रश्न कळला नाही. पण मी काकूंकडे पाहिलं, आणि त्या दिवसापासून मला वाटायला लागलं की या बाई काउंटरच्या पलीकडून काहीतरी मोजत आहेत.

नवव्या भेटीत त्यांनी माझ्याकडे दोन कोरे तक्ते मागितले.

"कशाला?"

"यात 'रुग्णाचे नाव' असं लिहिलंय. कोणाचं घालायचं, ते... नाही लिहिलेलं."

मी तक्ते दिले. देऊ नयेत असा नियम मला माहीत नाही. नंतर मी तो शोधलाही नाही.

शेवटची भेट महिन्याच्या अठ्ठाविसाव्या तारखेला होती. या भेटीत सगळ्या घराला एकत्र बसवून अहवाल वाचून दाखवायचा असतो. बाळाने अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. साहेबांनी कोट घातला होता, का ते मला कळलं नाही. टेबलावर केंद्राचा अर्ज आणि पेन असं शेजारी शेजारी मांडून ठेवलेलं होतं.

मी काकूंचे गुण वाचले. अंघोळ दहा. कपडे पाच, मागची हुकं अजून जमत नाहीत. जेवण, संडास, उठणे, प्रत्येकी दहा. जिना पाच. औषधे, फोन, चहा, दहा. बाहेर जाऊन येणे पाच, कारण रस्ता ओलांडताना सोबत लागते. एकूण पंच्याऐंशी.

"शंभरपैकी?" बाळाने विचारलं.

"शंभरपैकी."

"पण खालच्या चार ओळी धरल्या नाहीत तुम्ही," साहेब म्हणाले. "त्या धरल्या तर चित्र वेगळं दिसतं. मॅडम, राग मानू नका. गुण देणं सोपं असतं. परवानंतर बाई नाही. उद्या हिला काही झालं तर घरात बघणार कोण?"

"कुणाला बघणार?" काकूंनी विचारलं.

"तुला. दुसऱ्या कुणाला?"

काकूंनी खुर्चीच्या उशीमागून दोन कागद काढले आणि डाव्या हाताने टेबलावर सरकवले, पावती सरकवावी तसे. अक्षर कलंडलेलं, पण वाचता येण्यासारखं होतं.

"मॅडम, वाचा," त्या म्हणाल्या. "मला... वेळ लागतो."

मी वाचलं. पहिल्या तक्त्यावर साहेबांचं नाव होतं. अंघोळ पाच: टॉवेल आणि कपडे द्यावे लागतात. कपडे पाच: काढून ठेवावे लागतात. जेवण दहा. संडास दहा. बिछान्यातून उठणे दहा. जिना दहा. औषधे शून्य. फोन पाच: नंबर लावून दिल्यास बोलतात, पुष्कळ बोलतात. चहा शून्य. बाहेर जाऊन परत येणे पाच: किल्ली नेत नाहीत, दार कुणीतरी उघडावं लागतं. एकूण साठ.

दुसरा बाळाचा. अंघोळ पाच, जेवण पाच, दोन्हीपुढे एकच शेरा: 'हाका माराव्या लागतात.' कपडे पाच. बिछान्यातून उठणे शून्य. औषधे, म्हणजे पित्ताची एकच गोळी, शून्य. चहा शून्य. बाकी सगळं दहा. एकूण पंचावन्न. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं: 'निरीक्षण काळ सात दिवस. रविवार धरून.'

बाळाने स्वतःचा तक्ता ओढून घेतला आणि बेरीज तपासली. बेरीज बरोबर होती.

"मागे छापलंय," काकू म्हणाल्या. "ते पण वाचा."

तक्त्याच्या मागे रुग्णालयाची सूचना असते. मी ती शंभर वेळा वाचली असेल, पण इतक्या हळू कधी वाचली नव्हती. "पासष्टपेक्षा कमी गुण असल्यास व्यक्तीने एकट्याने राहणे सुरक्षित नाही. निवासी काळजी केंद्राचा विचार व्हावा."

"ही थट्टा आहे," साहेब म्हणाले. "मॅडम, तुम्ही शिकवलंत हिला हे?"

"मी बटाटे सोलायला शिकवलं."

"मी ठणठणीत माणूस आहे. सकाळी चार किलोमीटर चालतो."

"आणि परत येऊन घंटी... वाजवता," काकू म्हणाल्या.

"बाबा, मुद्दा तो नाहीये," बाळ म्हणाला. "आई, आपण तुझ्याबद्दल बोलतोय. आमचं काय, आमचं चालून जाईल. मागवू बाहेरून."

"गोळ्या पण?"

बाळाने बापाकडे पाहिलं. साहेब रोज सात गोळ्या घेत, त्यातल्या दोन रक्तदाबाच्या आणि एक हृदयाची. कुठली कधी, हे त्या घरात आतापर्यंत दोघींनाच ठाऊक होतं: काकूंना आणि मदतनीस बाईला. एक परवा जाणार होती आणि दुसरीला हे दोघे पाठवायला निघाले होते. माझी खात्री आहे की हा विचार त्या क्षणापर्यंत दोघांच्याही डोक्यात आला नव्हता. आणि यातला एक जण जोखीम मोजण्याचा पगार घेत होता.

साहेब उठले. चेहरा लाल झाला होता. "ठीक आहे. मीच ओझं झालोय ना या घरात? मग मीच जातो तिथे. खोली ठरवलेलीच आहे."

असं बोलून ते थांबले. अशा वाक्यानंतर समोरच्याने काय करायचं असतं, हे पंचेचाळीस वर्षांच्या संसारात ठरून गेलेलं असावं. काकूंनी ते केलं नाही.

"बॅग कॉटखाली आहे," त्या म्हणाल्या.

साहेब आतल्या खोलीत गेले. कॉट सरकल्याचा आवाज आला. मग कपाटाची दारं, एकामागून एक, तिन्ही.

"माझे बनियन कुठे आहेत?"

"दुसरा कप्पा. डावीकडे."

"नाहीयेत इथे."

"उजवीकडे बघताय."

बाळ उठायला लागला. काकूंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, आणि तो पुन्हा बसला. मी अहवालाच्या उरलेल्या रकान्यांत तारीख लिहीत राहिले. एक तास दहा मिनिटं लागली. साहेब बॅग घेऊन बाहेर आले तेव्हा चेन बंद होत नव्हती. आत तीन टाय, बुटांचं पॉलिश, काकूंची शाल आणि एका जुन्या सत्काराचं मानपत्र होतं. विजार एकही नव्हती.

"आणि गोळ्या?" त्यांनी विचारलं. आवाजातला अधीक्षक बराच खाली आला होता. "त्या एका पुडीत बांधून दे."

"नाही," काकू म्हणाल्या. "त्या शिकाव्या लागतील. तीन दिवस लागतील... तुम्हाला चार."

"मग चार दिवसांनी जाईन."

"जा की."

केंद्राचा अर्ज कोराच राहिला. मी माझा अहवाल रुग्णालयात दिला: रुग्ण घरी राहण्यास सक्षम. आमच्या विभागप्रमुख बाईंनी सोबतचे दोन तक्ते परत पाठवले. शेरा होता: 'या व्यक्ती नोंदणीकृत रुग्ण नाहीत.' नियमाला धरूनच होतं. मी मात्र काकूंच्या जिन्यासाठी आणखी तीन भेटी मंजूर करून घेतल्या. पंच्याऐंशी म्हणजे शंभर नव्हे.

त्यातल्या पहिल्या भेटीला गेले ती पुढच्या महिन्याच्या सहा तारखेला. दार बाळाने उघडलं. शर्ट चुरगळलेला होता आणि तो कामाला निघाला होता. खोली दुसऱ्या कुणाला तरी गेली, एवढंच त्याने सांगितलं. बाथरूमला नवी पितळी कडी बसवलेली होती आणि ती आतून लागलेली होती. पाण्याचा आवाज येत होता.

साहेब दारासमोर उभे होते, तळहातावर दोन गोळ्या.

"अगं, ही पांढरी जेवणाआधी की नंतर?"

आत पाणी पडत राहिलं.

"अगं, ऐकतेस का? झालं का तुझं?"

नळ आणखी मोठा झाला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. सत्तरीच्या माणसाचा असा चेहरा पाहिला की कुणाचाही हात पुढे जातो. माझाही गेला असता.

"पाकिटावर लिहिलंय," मी म्हणाले.

"चष्मा नाहीये माझ्याकडे."

मी खुर्चीत बसले आणि पिशवीतून कागद काढले. काही वेळ ते तसेच उभे राहिले. मग चष्मा शोधायला गेले.